डेमलोची सतरा डब्यांची गाडी

वाकोला ब्रिजखाली सिग्नल लाल झाला आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, की समजायचं, बराच वेळ आहे. वर हायवेची घरघर, त्याच्याही वर सांताक्रूझला उतरणारं विमान, इतकं खाली की चाकं मोजून घ्यावीत. लोक अशा वेळी मोबाइल काढतात. मी समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचतो.

शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा ४८१०. उतरत्या क्रमाने लावले तर ८४१०, चढत्या क्रमाने ०१४८. मोठ्यातून लहान वजा केला, आले ८२६२. पुन्हा तेच: ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. पुन्हा: ३०८७. पुन्हा: ८३५२. पुन्हा: ६१७४. आता आणखी एकदा करा. ६१७४च! दहादा करा, हजारदा करा, गाडी हलत नाही. चारही आकडे सारखे असलेली पाटी तेवढी सोडा. बाकी मुंबईतली कुठलीही नंबरप्लेट जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत या एकाच थांब्यावर येऊन उभी राहते. सात! तेवढ्यात सिग्नलही सुटत नाही.

हे ६१७४चं गुपित १९४९ साली शोधलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीच्या शाळेतले मास्तर. जगभर त्याला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. पण तो बिचारा चारच आकड्यांचा, घरातलं शेंडेफळ. आज मला सांगायचंय ते त्याच्या थोरल्या भावाबद्दल. तो सतरा आकड्यांचा आहे. आणि त्याचं नाव एका रेल्वे स्टेशनावरून पडलंय.

आधी मास्तरांची तोंडओळख. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. म्हणजे आमच्या सांताक्रूझवरून उत्तरेला जाते त्याच लाइनीवर. शिक्षण ठाण्यात, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले, आणि १९३० ते १९६२ देवळालीला मास्तरकी केली. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायच्या आणि आकड्यांशी खेळायचं. इथल्या बऱ्याच पंडितांना तो पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने मान वर करून पाहिलं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते.

आता ते स्टेशन. कापरेकरांच्या चरित्रात नोंद आहे की जी.आय.पी. रेल्वेवर (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर), मुंबईपासून तीस मैलांवर, डेमलो नावाच्या स्टेशनावर त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली. हे डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. मास्तरांनी त्या संख्यांना नावच दिलं ‘डेमलो संख्या’. जन्म पश्चिम रेल्वेवर, आकडा मध्य रेल्वेवर! डोंबिवलीच्या फलाटावर आज उभं राहून कुणाला गणित सुचेल का, मला शंका आहे. गाडीत शिरायचं कसं, एवढं एकच गणित तिथे सुचतं. १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर यांच्यासोबत कापरेकरांचा या संख्यांवर लेखही आला. त्या विद्यापीठाचं विद्यानगरी संकुल आज वाकोल्याला खेटून, कालिन्यात आहे.

तर डेमलो संख्यांतल्या ज्या सर्वांत देखण्या, त्यांना मास्तर ‘वंडरफुल’ म्हणायचे. त्या अशा तयार होतात. ११ गुणिले ११, उत्तर १२१. १११ गुणिले १११, उत्तर १२३२१. ११११ गुणिले ११११, उत्तर १२३४३२१. बघा, जिना चढतोय आणि उतरतोय. आता थेट नऊ एक घ्या. १११११११११ गुणिले १११११११११. उत्तर:

१२३४५६७८९८७६५४३२१

डोळे भरून बघा. सतरा डबे. पंधरा डब्यांच्या लोकललाही दोन डबे कमी पडतील. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, ‘चिमा काय कामाची’सारखं एकच. लोकलला जशी दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, गाडी वळवावी लागत नाही, तसाच हा आकडा. कल्याणला जाताना जो चेहरा, परत येताना तोच.

हे होतं कसं? पाटीवर गुणाकार मांडा. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या बेरजा करा. उजव्या कडेला एकच एक, मग दोन, मग तीन, मध्यावर नऊ, मग पुन्हा आठ, सात, सहा. कुठेच हातचा येत नाही! सगळी जादू तेवढीच. दहावा एक जोडलात तर मध्याची बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि जिन्याची पायरी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठवी पायरीच गायब. म्हणजे नऊ एकांचा हा आकडा या घराण्यातला शेवटचा अव्यंग आकडा आहे. याच्यापुढे सगळे व्यंग असलेले.

आता हा मोठा म्हणजे केवढा मोठा?

शाळेतला आलेख कागद आठवा. मिलिमीटरच्या बारीक चौकटींचा. या आकड्याइतक्या चौकटी हव्या असतील तर तो कागद केवढा लागेल? लांबी १११ किलोमीटर १११ मीटर आणि रुंदीही तेवढीच. वाकोल्यात एक कोपरा खिळ्याने ठोका आणि कडा पुण्याच्या दिशेला ताणा: खाडी ओलांडून, पनवेलवरून, सह्याद्री चढून ती पिंपरी-चिंचवडच्या वेशीला टेकते. ही फक्त एक कड झाली! तेवढीच दुसरी काटकोनात. सगळ्या कागदाचं क्षेत्रफळ सुमारे १२,३४६ चौरस किलोमीटर. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. म्हणजे तीन गोवे अंथरून चौथ्याचा एक तृतीयांश वर. आणि त्या सगळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या चौकटी, एकही जागा न सोडता.

मोजून बघू या? सेकंदाला एक. जेवण नाही, झोप नाही, गणपतीची सुट्टी नाही. ‘एक, दोन, तीन’ करत निघालात तर शेवटच्या आकड्यावर पोचायला ३९ कोटी १२ लाख वर्षं लागतील. राजगड, रायगड ज्या काळ्या कातळावर उभे आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आज मोजून संपवायचं तर सुरुवात त्या लाव्ह्याच्या सहापट जुन्या काळात करायला हवी होती. तेव्हा सह्याद्री नव्हता, डायनोसॉरही जन्माला यायचे होते. शिवाय ‘बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद’ एका सेकंदात म्हणून दाखवा! मी आपला उदार होऊन सेकंदाचा हिशेब धरलाय.

आता चालू या. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक पाऊल. मुंगीलाही हसू येईल असं पाऊल. या आकड्याइतकी पावलं टाकली तर किती लांब जाऊ? १,२३४ कोटी ५६ लाख किलोमीटर. हे डोक्यात बसत नाही, म्हणून पुण्याला जाऊ. एक्स्प्रेस वेने मुंबई-पुणे साधारण दीडशे किलोमीटर, आणि सूर्य पंधरा कोटी किलोमीटर. काय सुरेख जमतंय बघा: सूर्य म्हणजे दहा लाख मुंबई-पुणे! आपली मुंगी-पावलं सूर्याच्या अंतराच्या ८२ पट पल्ला मारतात. चंद्र तर निघाल्या निघाल्या मागे पडला, पावणेचार लाख किलोमीटर म्हणजे आपलं कुर्ला. गुरू गेला, शनी गेला. नेपच्यून साडेचारशे कोटी किलोमीटरवर, तोही मागे. तरी अजून जवळजवळ दोन तृतीयांश रस्ता बाकी! पुढे नुसता काळोख. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू त्याच्यापलीकडे गेलेली नाही. त्याच्या साधारण अर्ध्या वाटेवर आपण मिलिमीटर मिलिमीटर करत पोचलो. इथून उजेड मारला तर वाकोल्याला दिसायला ११ तास २६ मिनिटं.

डेक्कन क्वीनने जायचं म्हणता? जाऊ. १ जून १९३० पासून धावणारी गाडी, म्हणजे मास्तर देवळालीला रुजू झाले तेच साल. रेल्वेने मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. हे अंतर कापायला तिला सहा कोटी त्रेचाळीस लाख फेऱ्या माराव्या लागतील. रोज एक जाणं, एक येणं, एकदाही रद्द नाही, कर्जतजवळ दरड कोसळली तरी नाही. ८८ हजार वर्षं! ऑम्लेट तेवढं गरम मिळो.

दमलात? थोडं पाणी घ्या.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण लहानपणी वहीत दहादा लिहिली; पण किती थेंबांनी, ते कुठल्याच बाईंनी सांगितलं नाही. औषधाच्या ड्रॉपरमधून साधारण वीस थेंबांना एक मिलिलिटर होतो. या हिशेबाने डेमलोच्या आकड्याइतके थेंब म्हणजे ६१,७२८ कोटी लिटर पाणी. वाडीतली चांगली बांधीव विहीर घ्या, सहा मीटर व्यासाची, दहा मीटर पाण्याची. अशा एकवीस लाख ऐंशी हजार विहिरी काठोकाठ भरतील. विहीर पाहिलीच नसेल तर मुंबईच्या मापाने सांगतो. विहार तलावात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावतं. तो ओसंडला की मिठी नदी वाहायला लागते, जिला आमचा वाकोला नाला खाली जाऊन मिळतो आणि जोराच्या पावसात तिचं पाणी उलटं आमच्याकडे पाठवतो. तर असे बावीस विहार तलाव. अख्खी मुंबई रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पिते, धुते आणि सांडते. त्या मापाने हे पाणी १५८ दिवस पुरेल. पाच महिने! थेंब मोजून. आणि मुंबईला पाणी देणारे सातही तलाव पूर्ण भरले तरी त्यांत या आकड्याच्या अडीचपटीहून थोडेसेच कमी थेंब. म्हणजे जुलै-ऑगस्टात ‘तलाव ओसंडले’ अशी बातमी येते ना, ती थेंबांच्या भाषेत डेमलोच्या तोडीचीच बातमी असते. आपण ती चहा पिता पिता वाचून पान उलटतो.

भाताकडे वळू या. तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरलं तर इतके दाणे म्हणजे जवळपास २४ कोटी ६९ लाख टन. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १३ कोटी ७८ लाख टन तांदूळ पिकला. अख्ख्या देशाचं पावणेदोन वर्षांचं पीक, दाणा दाणा वेचून! मालगाडीत साडेतीन हजार टन भरू. सत्तर हजारांवर मालगाड्या लागल्या. एकीची लांबी साडेसहाशे मीटर धरून एकामागे एक उभ्या केल्या तर रांग सुमारे ४५ हजार ८०० किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून वेढा घालून इंजिन गार्डाच्या डब्याला धडकेल आणि वर पाच-सहा हजार किलोमीटर गाड्या सायडिंगला उभ्या कराव्या लागतील. कुठे, ते मध्य रेल्वेला विचारा.

रुपयांचं मात्र पटकन उरकतो, कारण पैसा इतका झाला की त्यातली मजा जाते. एवढे रुपये पाचशेच्या नोटांत मांडले, शंभर नोटांची गड्डी एक सेंटीमीटर धरली, तर चवड २४ लाख ६९ हजार किलोमीटर उंच. चंद्रावर तीनदा जाऊन परत, आणि चौथ्या खेपेला जवळजवळ निम्म्या वाटेवर. केंद्र सरकारचा २०२५-२६चा अर्थसंकल्प साडेपन्नास लाख कोटींच्या घरातला. तेवढाच खर्च दरवर्षी केला तर हे पैसे २४३ वर्षं पुरतात. २०२५ मधून २४३ वजा करा: १७८२. सालबाईचा तह झाला ते वर्ष. नाना फडणविसांपासून आजच्या अर्थमंत्र्यांपर्यंत सगळ्यांचा खर्च एका आकड्यात! आणि १४० कोटी लोकांत वाटून टाकले तर माणशी ८८ लाख. वाकोल्यात एवढ्यात एखादी खोली बघता येईल. हॉल मागू नका.

आणि गर्दीचा हिशेब केल्याशिवाय मुंबईकराचं समाधान व्हायचं नाही. आपल्या लोकलमधून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. याच वेगाने डेमलोचा आकडा गाठायला ४५ लाख वर्षं लागतील. रविवारचा मेगाब्लॉक न धरता. पंचेचाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर माणूस नावाची जातच नव्हती. म्हणजे चौथी सीट मागायलाही कुणी नव्हतं.

एवढा अजस्र आकडा वाचायचा कसा? वर्तमानपत्रं ‘लाख कोटी’च्या कुबड्या घेतात: बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटी आणि वर काही. ऐकायला कसंतरीच. पण आपल्याकडे याची सोय साडेआठशे वर्षांहून जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त प्रत्येक स्थानाला नाव देऊन ठेवलंय, थेट परार्धापर्यंत. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या नावांनी आपली गाडी वाचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. आला घाटमाथा! आता उतरा: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. मोठ्याने म्हणून बघा. जलधी म्हणजे समुद्र, आणि तोसुद्धा या गाडीत तिसऱ्याच डब्यात बसलाय.

आकार झाला. आता या गाडीच्या आत शिरू या, कारण खरी गंमत आत आहे.

सगळ्या अंकांची बेरीज करा. एक ते नऊ आणि परत एकपर्यंत: ८१. नऊचा वर्ग. आता त्या ८१ने मूळ आकड्याला भागा. निःशेष भाग जातो! ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पुरता भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. म्हणजे मास्तरांची डेमलो मास्तरांचीच हर्षद निघाली. आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. दिसायला ओबडधोबड, पण हा १२३४५६७९चा वर्ग आहे. नीट बघा, १२३४५६७९ मध्ये आठ नाही. हातच्याने मघाशी गिळलेला आठ इथेही बेपत्ता! या आठ-नसलेल्या आकड्याचा खेळ कदाचित तुम्ही शाळेत खेळला असाल. आवडता अंक विचारायचा, त्याला नऊने गुणायचं, मग त्याने १२३४५६७९ला. आवडता अंक सात असेल तर ६३ने गुणा: ७७७७७७७७७. वर्गात टाळ्या.

आता भागण्याऐवजी गुणा. डेमलोला तिच्याच ८१ने गुणलं तर येतं ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ नव्वांचा, म्हणजे ९९९९९९९९९चा वर्ग. याचे मधोमध दोन तुकडे करा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१ मधला तो एकटा एक. बेरीज करा: ९९९९९९९९९. वर्गाचे तुकडे जोडले आणि मूळ संख्या परत आली! अशा संख्यांना जग ‘कापरेकर संख्या’ म्हणतं. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, हे त्यांचं एक आटोपशीर उदाहरण. बरं, डेमलोला एकूण किती संख्यांनी पूर्ण भाग जातो? तिचे मूळ अवयव तीनच: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून भाजक मोजा. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. पंचेचाळीस! कापरेकर संख्या! मास्तर दार उघडून आतच बसलेत.

याला योगायोग म्हणा, हरकत नाही. मी म्हणत नाही.

अजून एक. १ अधिक ३ अधिक ५ अधिक ७, अशा विषम संख्या ओळीने मिळवत निघा आणि २२,२२,२२,२२१ला थांबा. बेरीज बरोबर डेमलोची. मध्ये एकही विषम संख्या गाळायची नाही, एकही जास्त घ्यायची नाही.

एवढा गुणी आकडा, पण यंत्रांना पेलत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बारा घरांचा कॅल्क्युलेटर आहे. त्यात नऊ एक गुणिले नऊ एक केलं की तो ‘ई’ दाखवून गप्प बसतो. एक्सेलच्या तक्त्यात हा आकडा घाला: १२३४५६७८९८७६५४३००. शेवटच्या दोन डब्यांतली माणसं उतरवून जागी शून्यं बसवली! एक्सेल पंधराच अंक खरे सांभाळतं, पुढचे सोडून देतं, आणि तक्रारसुद्धा करत नाही. कोट्यवधींचे हिशेब करणारं यंत्र, आणि देवळालीच्या मास्तरांची शिसपेन्सिल त्याच्या दोन डबे पुढे.

आता शेवटचा धक्का. कागद घट्ट धरा.

वर्तमानपत्राच्या अक्षरात एक अंक दोन मिलिमीटर जागा घेतो. त्या मापाने डेमलोचा आकडा साडेतीन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. करंगळीपेक्षा लहान! आणि एवढ्यात आपण नेपच्यूनपलीकडे गेलो, बावीस विहार तलाव भरले, पृथ्वीला मालगाड्यांचा वेढा घातला. आता दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या घ्या: सूर्य, तारे, आकाशगंगा, तुम्ही, मी, वाकोला ब्रिज, सगळं धरून. ती लिहायला ऐंशीएक अंक पुरतात असा अंदाज आहे. म्हणजे सोळा सेंटीमीटर. एक वीत! अख्खं विश्व एका वितीत मावलं.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी एक मूळ संख्या शोधली. दोनाला दोनाने गुणत जायचं, असे तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस दोन, आणि शेवटी एक वजा. तिच्यात अंक किती? चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस. त्याच अक्षरात छापली तर पट्टी ८२ किलोमीटर लांब. डेमलो करंगळीएवढी, विश्व वीतभर, आणि हा आकडा वाकोल्यातून निघून मानखुर्द, वाशी, पनवेल, खोपोली करत बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांशी पोचतो! आणि एवढ्या लांब संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

पण ती लोणावळ्याची पट्टी संगणकांनी विणलेली. तुम्ही-आम्ही ती हाताने तपासू शकत नाही. डेमलो तपासता येते. पुढच्या वेळी दादरहून डोंबिवलीची गाडी पकडाल तेव्हा खिशात पेन्सिल आणि एक पाठकोरा कागद ठेवा. नऊ एक लिहा, त्यांच्याखाली नऊ एक, आणि गुणायला लागा. बसायला जागा मिळाली तर ठाणं येईपर्यंत जिना पुरा होतो. हातचा एकदाही लागत नाही.